रोवणीनंतरची तारीख

त्या दिवशी दुपारी धानाच्या बांधीत वीज पडली. रोवणी चालू होती. सोबतच्या बायका कडेच्या धुऱ्यावर शिदोरी सोडून बसल्या होत्या. तिची रोवायची पात उरली होती, ती संपवून येते म्हणाली. हातात पऱ्ह्यांची, धानाच्या रोपांची, जुडी होती. बायकांनी तिला उचलून रस्त्यापर्यंत आणलं आणि जीपने ब्रह्मपुरीला नेलं. दवाखान्यात डॉक्टरांनी ती गेल्याचं सांगितलं. मला हे दुसऱ्या दिवशी कार्यालयात कळलं.

ती माझी कोणी नव्हती. तिच्यासाठी मला रजाही मागता आली नसती, कारण रजेच्या अर्जात नातं लिहावं लागतं आणि आमच्या नात्याला अर्जात जागा नाही. ती तक्रारदार होती आणि मी तिच्या तक्रारीवरच्या चौकशीत सरकारची बाजू मांडणारी अधिकारी. एवढ्या नात्यावर माणूस किती रडू शकतं, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. अजूनही नीट माहीत नाही. म्हणून हे सावकाश लिहिते आहे.

मी कायदा शिकले. थोडा काळ ब्रह्मपुरीच्या कोर्टात उभी राहिले आणि मग विधी अधिकारी म्हणून सरकारी नोकरीत लागले. काळा कोट तेव्हापासून कपाटात आहे. वडील शिक्षक होते. शिकल्याने माणूस ताठ उभा राहतो, असं ते घरी येणाऱ्या प्रत्येकाला सांगत, आणि मला तर रोजच सांगत. मी शिकले. ताठ उभी राहण्यापेक्षा बसून वाचणं मला जास्त जमलं, आणि या कामात वाचायला भरपूर मिळतं. कोणी कामावर दारू पिऊन येतो, कोणी महिनोन्महिने येतच नाही, कोणी वरिष्ठाच्या अंगावर धावून जातो, कोणी हाताखालच्या बाईला त्रास देतो. तक्रार होते, आरोपपत्र निघतं, साक्षी होतात, उलटतपासण्या होतात, अहवाल लिहिला जातो. बाहेरच्या लोकांना वाटतं आमच्याकडे न्याय मिळतो. आमच्याकडे तारखा मिळतात.

आमच्या जिल्ह्याचं एक वेगळं दुर्दैव आहे. राज्यात कुठेही कोणी बिघडला, आणि चौकशी पूर्ण करायचा कंटाळा आला, की त्याची बदली आमच्याकडे होते. इतर ठिकाणी साहेब लोक हाताखालच्याला दम देताना आमच्या जिल्ह्याचं नाव घेतात. ज्या गावांत माझे मामा-मावश्या राहतात, ज्या जंगलात लहानपणी आम्ही मोहफुलं वेचली, ते कोणाच्या तरी शिक्षेचं ठिकाण आहे. शिक्षा भोगायला आलेला माणूस इथे येऊन काय करतो, हे पाठवणाऱ्याने कधी विचारलेलं नाही. तो आपल्यासोबत आपली सवय घेऊन येतो. सवयीला इथे मोकळं रान मिळतं.

तिची तक्रार ज्याच्याविरुद्ध होती तो पर्यवेक्षक असाच आला होता. आधीच्या जिल्ह्यात त्याच्याविरुद्ध एका बाईची तक्रार होती. ती चौकशी अर्धवट राहिली आणि त्याची बदली झाली. इथे त्याच्याकडे जंगलातली काही आरोग्य उपकेंद्रं तपासणीसाठी दिली गेली. त्यातल्या एका उपकेंद्रात ती परिचारिका होती. गावात सगळे तिला सिस्टर म्हणत. मीही इथे तेच म्हणेन.

उपकेंद्र म्हणजे दोन खोल्या. पुढच्या खोलीत गरोदर बायकांची तपासणी, पोरांना लस, तापाच्या रुग्णांचं रक्त घेणं. मागच्या खोलीत सिस्टरचा संसार, म्हणजे एक खाट, एक गॅस आणि भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो. समोरून कच्चा रस्ता जातो, रस्त्यापलीकडे सागवान सुरू होतो. पर्यवेक्षक महिन्यातून एकदा तपासणीला येई. पहिल्या वेळी त्याने दार नुसतं लोटलं. दुसऱ्या वेळी कडी लावली. त्यानंतर सिस्टरने गावातून एका फुटक्या जात्याचा खालचा दगड आणला आणि उघड्या दाराला टेकवून ठेवला. तो हलवायला दोन्ही हात आणि बऱ्यापैकी वेळ लागे. तेवढ्या वेळात बाहेर पडता येतं, असा तिचा हिशेब होता. ती पावसातही दार उघडं ठेवी. तो तरीही येतच राहिला, आणि उघड्या दारातही त्याच्या हाताला आणि तोंडाला जे करता येत होतं ते करत राहिला. मग तिने तक्रार केली.

पहिल्यांदा माझ्याकडे आली तेव्हा ती खुर्चीच्या अगदी कडेवर बसली होती. सडपातळ, केसांना तेल, पायात पावसाळी चपला. सोबत आई होती, ती बाहेर बाकावर बसली. मी विचारलं, "तुम्हाला या चौकशीतून काय हवं आहे?" हा प्रश्न मी सगळ्यांना विचारते. बहुतेक लोक शिक्षेचं नाव सांगतात. कोणी बडतर्फी म्हणतं, कोणी जेल.

तिने बाहेर बाकावरच्या आईकडे एकदा पाहिलं. मग म्हणाली, "मॅडम, त्याले शिक्षा नाई झाली तरी चालन. पण तो परत माह्या दाराशी यायले नको. मले तेवढंच पाह्यजे."

"एवढंच?"

"एवढंच मागून राह्यली जी. जास्त मागतलं तर तेवढंबी भेटत नाई."

मी तिला सांगितलं की आरोप सिद्ध झाला तर तो या जिल्ह्यात राहणार नाही. तोवर त्याला दुसऱ्या तालुक्यात काम दिलं होतं. तिने हे आईला बाहेर जाऊन सांगितलं. काचेतून मला आईचा चेहरा दिसत होता. तिने पदर तोंडाला लावला आणि मान हलवली.

चौकशीला समिती होती. समितीच्या अध्यक्ष पुण्याकडच्या एक बाई होत्या. कडक, वेळेच्या पक्क्या, आमच्याकडच्या उन्हाने बेजार झालेल्या. पर्यवेक्षकाच्या बाजूने बोलायला एक निवृत्त हेडक्लार्क होते. नियमाने अशा चौकशीत कर्मचाऱ्याला दुसऱ्या सरकारी कर्मचाऱ्याची मदत घेता येते, निवृत्त असला तरी चालतो. हे बाबू निवृत्तीनंतर तेच करत. जिल्ह्यातल्या निम्म्या चौकशांत ते समोरच्या खुर्चीवर असत. आम्ही वर्षानुवर्षं एकमेकांविरुद्ध बसलो होतो आणि मधल्या सुट्टीत एकाच टपरीवर चहा प्यायलो होतो.

"मॅडम," ते एकदा म्हणाले, "दुसऱ्यायले गुन्हा केल्यावर इथी पाठवतात. आपण तर गुन्हा न करताच इथी जन्मलो. आपल्यावर सरळ सरळ अन्याय हाय."

मी हसले. ते नेहमीच हसवत. त्यांच्याविषयी माझ्या मनात राग नाही, हे मी मुद्दाम लिहून ठेवते. कधीकधी वाटतं, राग असता तर बरं झालं असतं.

आणि तो पर्यवेक्षक. चष्मा लावणारा, हळू बोलणारा, इस्त्रीच्या शर्टातला माणूस. चौकशीच्या खोलीत शिरताना अध्यक्षबाईंसाठी दार धरून उभा राहायचा. मला दर वेळी न चुकता "नमस्कार मॅडम" म्हणायचा. सिस्टर आत आली की नजर टेबलावर ठेवायचा. अशा माणसांना पाहिलं की साक्षीदार अर्धे हरतात, कारण त्यांनी जे सांगायचं असतं ते या माणसाच्या तोंडाला शोभत नाही.

पहिली साक्ष गावातल्या आशाताईची झाली. आशाताई म्हणजे उपकेंद्राच्या कामासाठी गावातूनच नेमलेली बाई. ती सिस्टरसोबत रोज असायची. तक्रारीत तिचं नाव होतं, तिने एकदा खिडकीतून सगळं पाहिलं होतं, असं सिस्टरचं म्हणणं होतं. साक्षीच्या दिवशी आशाताई नवी साडी नेसून आली. खुर्चीवर बसली आणि म्हणाली, "मले काही दिसलं नाई." मी पुन्हा विचारलं, वेगळ्या तऱ्हेने विचारलं. "मी लसीची पेटी आणायले गेल्ती. मले दिसलं नाई, साहेब." तिच्या कामाचा अहवाल दर महिन्याला त्याच पर्यवेक्षकाच्या सहीने पुढे जायचा. उठताना ती सिस्टरकडे पाहायचं टाळत होती, पण दारापाशी थांबली आणि सिस्टरच्या आईला वाकून नमस्कार करून गेली.

आता सगळं सिस्टरच्या स्वतःच्या जबाबावर होतं.

तो जबाब मी घेतला. माझ्या आयुष्यात मी घेतलेला तो सगळ्यात चांगला जबाब. सुरुवातीला ती पुस्तकातल्यासारखं बोलली, मग आपलं बोलू लागली. कडी कशी वाजली ते सांगितलं. त्या वेळी तिच्या हातात लसीची बाटली होती आणि ती गरम होऊ नये म्हणून ती आधी थंड पेटीत ठेवावी की आधी ओरडावं, हे तिला कळेना, असं म्हणाली. "मी बाटली ठेवली मॅडम. पेटीचं झाकण लावलं. तोपर्यंत तो जवळ आला होता." अध्यक्षबाईंनी लिहिणं थांबवलं. हे असं कोणी बनवून सांगत नाही. बनवून सांगणारा माणूस आपण ओरडलो असं सांगतो.

मग बाबू उलटतपासणीला उठले. उठताना त्यांनी तिला आधी पाणी विचारलं.

"सिस्टर, तुम्ही दाराले दगड लावून ठेवत होत्या, असं म्हणता?"

"हो जी."

"म्हणजे दार उघडं राह्यचं?"

"उघडंच राह्यचं."

"समोरून रस्ता हाय. रस्त्यानं माणसं जातात?"

"जातात. गुरंबी जातात."

"मंग आतमधी काही वावगं झालं असतं तर कोणाले तरी दिसलं असतं का नाई?"

तिने पाण्याचा पेला बाजूला सारला.

"बोला न बाई. कोणाले दिसलं?"

"गुरायले दिसलं असन," ती म्हणाली. "त्यायले बलावा साक्षीले."

शिपाई खुदकन हसला. बाबूही हसले, अगदी मनापासून. अध्यक्षबाईंनी ओठ दाबले. मला त्या क्षणी वाटलं, ही जिंकणार. तो एकच क्षण होता, मी तो जपून ठेवला आहे. त्याचं काय करायचं ते मात्र कळत नाही.

दार उघडं असतानाच्या दिवसांवर बाबूंचे प्रश्न झाले. दार बंद होतं त्या आधीच्या दोन वेळांवर विचारायचं राहिलं. खरा आरोप तिथेच होता. आभाळ भरून आलं होतं, खोलीत अंधार झाला होता, वीज गेली होती. बाबूंनी कागद गोळा केले.

"बाईसाहेब, उरलेली उलटतपासणी पुढच्या तारखेले."

अध्यक्षबाईंनी डायरी उघडली. "पुढच्या आठवड्यात ठेवते."

खोलीतले सगळे एकमेकांकडे पाहू लागले. बाबू माझ्याकडे, मी शिपायाकडे, शिपाई सिस्टरकडे. अध्यक्षबाईंनाच तेवढं कळेना.

"काय झालं?"

"बाईसाहेब, रोवणी हाय जी," बाबू म्हणाले.

"मग?"

हे समजावून सांगायला आम्हाला शब्द सापडेनात. झाडीपट्टीत, आमच्या या धानाच्या मुलखात, रोवणीच्या दिवसांत कोणी तारीख देत नाही, कोणी घेतही नाही. हे कुठल्या नियमात लिहिलेलं नाही. पऱ्हे तयार झाले, बांधीत पाणी साचलं, की ते दिवस धानाचे. पऱ्हे थांबत नाहीत. लग्न थांबतं, भांडण थांबतं, कोर्टातल्या पार्ट्या वकिलाला निरोप धाडतात, शाळेत पोरं येत नाहीत. घरात कोणी सरकारी नोकरीत असला तरी तो रजा टाकून चिखलात उतरतो. साक्षीदाराला बोलावलं तर तो येणारच नाही, आणि न आल्याबद्दल त्याला कोणी दोषही देणार नाही.

शेवटी सिस्टरच बोलली. "मॅडम, रोवणी झाल्यावर ठेवा न. माय एकटी हाय. मी रजा टाकली हाय. बाया भेटत नाई आजकाल, मी नाई गेली तर अर्धी बांधी पडीक राहीन."

अध्यक्षबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, "साक्षीदाराचीच विनंती आहे." बाबू म्हणाले, "आमची हरकत नाही." पर्यवेक्षकाने टेबलावरची नजर उचलली नाही. त्याला इथल्या रोवणीशी काही घेणंदेणं नव्हतं, पण तारीख पुढे जात होती.

"तुम्ही सगळे कमालीचे आहात," अध्यक्षबाई म्हणाल्या आणि डायरीची पानं उलटत लांबची तारीख दिली. त्या खोलीत आम्हा कोणालाही तो निर्णय वाटला नाही. पाऊस आला की छत्री उघडावी, तसं ते झालं. बाहेर पडताना बाबूंनी सिस्टरच्या आईला विचारलं, "किती खंडी धान होते माय तुमचं?" आणि ती दोघं कुठल्या धानाला कमी पाणी लागतं यावर पायऱ्या उतरेपर्यंत बोलत होती. सिस्टर माझ्याजवळ थांबली.

"आता थोडंच राह्यलं न मॅडम?"

"थोडंच," मी म्हणाले.

"मंग एकदाचं होऊन जाते."

मी हात हलवून तिला निरोप दिला. ती आईमागे पळाली, बस सुटत होती.

त्यानंतर मी तिला पाहिलं नाही. बाबू सकाळी माझ्या टेबलाशी आले, बसले नाहीत. त्यांनी टोपी काढून हातात घेतली होती. मी त्यांना इतक्या वर्षांत बिनटोपीचं पाहिलं नव्हतं.

"मॅडम, सिस्टर गेली जी."

मला वाटलं, सिस्टर बदली होऊन गेली. मी "कुठे?" असं विचारलं.

ते उभेच राहिले. मग मला कळलं.

मी तिच्या गावी गेले. वैनगंगेच्या पुलावरून जाताना पाणी पुलाच्या जवळ आलं होतं. गावात तिच्या घरासमोर ताडपत्री टाकली होती, खाली बायका बसल्या होत्या. भन्तेजी येऊन गेले होते. फोटोपुढे मेणबत्ती होती. फोटो नर्सिंगच्या ट्रेनिंगमधला, पांढऱ्या टोपीतला. आई भिंतीला टेकून बसली होती. मला पाहून ओळखलं. माझा हात धरला आणि मला वाटलं ती रडेल, पण तिने आधी हे सांगितलं की उरलेली बांधी गावातल्या बायांनी रोवून दिली. कोणी मजुरी घेतली नाही. तिची पातसुद्धा कोणीतरी पुरी केली.

मग ती म्हणाली, "बाई, तारीख हाय न?"

मला आधी समजलं नाही.

"रोवणी झाल्यावर तारीख हाय म्हणे. मी येते. तिनं मले सगळं सांगतलं होतं. एकूणएक. मी सांगते साहेबायले."

मी तिला तिथे काही सांगितलं नाही. ताडपत्रीवरून पाणी ठिपकत होतं. एका बाईने माझ्यासमोर चहाचा कप ठेवला. कोणाच्या घरी मरण झालं की पुस्तकं वाचून काही शिकलेलं उपयोगी पडत नाही, हे मला लहानपणापासून माहीत आहे. तरी मी परत आल्यावर वाचतच बसले. ज्याची उलटतपासणी पूर्ण झाली नाही, त्या मृत साक्षीदाराचा जबाब धरता येतो का, हे शोधत. धरता येतो असं म्हणणारं थोडं सापडलं. धरता येत नाही असं म्हणणारं पुष्कळ.

तारखेच्या दिवशी आई आली. एकटीच. स्वच्छ पांढरं लुगडं, हातात डबा. डबा मुलीसाठी आणायची ती सवय, किंवा मग स्वतःसाठी, मी विचारलं नाही. बाबूंनी उठून तिच्यासाठी खुर्ची पुढे केली. मग त्यांनी अध्यक्षबाईंना अर्ज दिला. अर्जात लिहिलं होतं की मयत तक्रारदाराची उलटतपासणी अपूर्ण राहिली असल्याने तिचा जबाब अपचारी कर्मचाऱ्याविरुद्ध, म्हणजे पर्यवेक्षकाविरुद्ध, वाचण्यात येऊ नये.

मी आईची साक्ष घ्यावी अशी विनंती केली. बाबूंनी हरकत घेतली. अध्यक्षबाईंनी हरकत लिहून घेतली आणि साक्ष ऐकली. आई सगळं बोलली. कडीचं, दगडाचं, लसीच्या बाटलीचं. मुलीच्याच शब्दांत बोलली, जणू पाठ केलं होतं. कदाचित केलंच असेल, त्या रिकाम्या घरात.

बाबू उठले. एकच प्रश्न विचारला, जमिनीकडे बघून. "माय, तुम्ही स्वतः डोळ्यानं पाह्यलं का?"

"माह्या पोरीनं पाह्यलं."

"तुम्ही पाह्यलं का?"

"मी कशी पाहीन बाप्पा? मी बांधीत होती."

ते बसले.

सुट्टीत मी टपरीवर गेले नाही. तेच माझ्या खोलीच्या दाराशी आले. म्हणाले, "मॅडम, दुःख आपल्या जागी, काम आपल्या जागी. मी अर्ज दिला नसता तर त्यानं दुसरा माणूस केला असता." त्यांचं म्हणणं खरं होतं. या कामात मला सगळ्यात जास्त थकवलं असेल तर ते खऱ्या असलेल्या अशा वाक्यांनी.

मी लेखी युक्तिवाद दिला. जितकं शोधलं तितकं त्यात घातलं. अध्यक्षबाईंनी तो वाचला, हे मला माहीत आहे, कारण त्यांनी मला बोलावून घेतलं.

"मला ती खरी वाटते," त्या म्हणाल्या. "तो क्षण मी विसरणार नाही, ती बाटली. पण ज्या दोन दिवसांवर सगळा आरोप आहे, त्यावर त्याच्या बाजूला तिला एक प्रश्नही विचारता आला नाही. उद्या हे वर गेलं तर पहिल्याच दिवशी पडेल."

"तो परत तिथे जाईल," मी म्हणाले.

"तिथे आता ती नाही," अध्यक्षबाई म्हणाल्या, आणि लगेच त्यांना आपण काय बोललो ते कळलं. त्यांनी चष्मा काढून पुसला.

अहवालात आरोप सिद्ध होत नाहीत असं आलं. पर्यवेक्षकाला आधीच्या जागी, त्याच उपकेंद्रांवर, परत पाठवण्यात आलं. त्या जागेवर दुसरं कोणी यायला तयार नव्हतं, जागा रिकामी होती, आणि रिकामी जागा भरली की वरचे समाधानी होतात. आदेशाची प्रत घ्यायला तो कार्यालयात आला तेव्हा मी जिन्यावर होते. तो बाजूला झाला, मला जाऊ दिलं.

"नमस्कार मॅडम."

मी जिना उतरले. माझ्या तोंडून, सवयीने, नमस्कार निघाला.

निकाल आईला मी स्वतः जाऊन सांगितला. ती धान कापणीच्या विळ्याला धार लावत होती. ऐकून घेतलं. मग म्हणाली, "म्हणजे तिच्या बोलण्याले काही किंमत नाई झाली?" विळा दगडावर पुढे-मागे होत राहिला. थोड्या वेळाने ती म्हणाली, "तुम्ही तरी काय करान बाई. जेवून जा." मी जेवले. भात नव्या धानाचा नव्हता, आधीच्या सालचा होता. त्या दिवसापासून मला कार्यालयात जावंसं वाटत नाही. जाते मात्र रोज.

त्यानंतर एकदा दुसऱ्याच एका चौकशीसाठी मला त्या भागात जावं लागलं. परतताना पाऊस लागला. गाडी उपकेंद्रासमोरून जात होती. मी चालकाला थांबायला सांगितलं.

दार सताड उघडं होतं. पावसाचे तुषार आत उडत होते, उंबऱ्यापासून पुढच्या टेबलापर्यंत फरशी ओली होती. एक मुलगी खुर्चीवर बसून रजिस्टर भरत होती. नवी सिस्टर, कंत्राटी. मला पाहून उठली.

"पाणी आत येतंय," मी म्हणाले. "दार लोटून घ्या ना."

"येऊ द्या जी. मंग पुसून घेते." ती थोडी संकोचली. "आशाताईनं सांगतलं हाय, दगड हलवायचा नाई म्हणून. कितीबी पाऊस आला तरी."

दगड दाराला टेकलेला होता. त्याच्या मधल्या भोकात पाणी साचलं होतं.

मी माझी ओळख सांगितली. काही त्रास असेल तर तक्रार करता येते, मला फोन करता येतो, हेही सांगितलं. हे सांगणं माझं काम आहे. मुलीने नीट ऐकलं. मग मान वर न करता विचारलं, "तक्रार केली तर काय होते जी?"

पावसाचा आवाज पत्र्यावर जोरात होता. मी ऐकू न आल्यासारखं केलं. तिने फडकं आणून टेबलापाशी पाय पुसायला टाकलं आणि मला चहा विचारला. मी नको म्हणाले.

पर्यवेक्षक तोच आहे. महिन्यातून एकदा तपासणीला येतो. उपकेंद्राचं दार उघडं असतं, आणि दाराशी तो दगड आहे.